चेलोच्या रचना आणि डबल बेस : वाद्यांतराची चिकित्सा

सारांश

पाश्चात्त्य अभिजात संगीतात चेलोसाठी लिहिलेल्या रचना डबल बेसवर वाजविण्याची प्रथा दोन शतकांहून अधिक जुनी आहे. या प्रथेकडे बहुधा दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले जाते. काहींना ती केवळ कसरत वाटते, तर काहींना एकल रचनांचे दारिद्र्य झाकण्याचा नाइलाज वाटतो. दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. बाखचे एकल चेलोसाठीचे सुईट, बेथोव्हेनचा जी मायनर सोनाटा, शूबर्टचा ‘आर्पेजिओने’ सोनाटा आणि सँ-साँसचा ‘हंस’ या चार रचनांच्या आधारे वाद्यांतराचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर व्हावे, याचा येथे विचार केला आहे.

बीजशब्द : डबल बेस, चेलो, वाद्यांतर, स्वरजुळणी, बाख, शूबर्ट, सँ-साँस.

१. प्रस्तावना

साहित्याच्या अभ्यासात भाषांतर, रूपांतर आणि अनुकरण या तीन संज्ञांमध्ये भेद केला जातो. गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) ही दोन्ही नाटके शेक्सपिअरवरून मराठीत आली. तथापि, त्यांना एकाच मापाने मोजणे कोणत्याही अभ्यासकाला मान्य होणार नाही. आगरकरांची निष्ठा मूळ संहितेशी होती, तर देवलांची निष्ठा प्रामुख्याने मराठी रंगभूमीशी होती. मूळ कृती एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात येते तेव्हा काय टिकते, काय गळते आणि काय नव्याने निर्माण होते, हे पाहणे हे समीक्षेचे काम होय.

संगीतात मात्र ही जाण अनेकदा सैल होते. एका वाद्यासाठी लिहिलेली रचना दुसऱ्या वाद्यावर वाजविली गेली की ‘जमले’ किंवा ‘जमले नाही’ एवढ्यावर चर्चा संपते. डबल बेसवर चेलोची रचना वाजविणाऱ्या कलावंताला मिळणारी सर्वांत प्रचलित दाद म्हणजे ‘अगदी चेलोसारखे वाजले’ ही होय. वरवर पाहता ही प्रशंसा आहे. परंतु भाषांतर वाचून ‘हे मराठी वाटतच नाही, अगदी इंग्रजी वाटते’ असे म्हणण्यासारखीच ती आहे. ज्या वाद्यावर रचना वाजली ते वाद्यच या प्रशंसेत नाहीसे होते. एका वाद्यासाठी लिहिलेल्या रचनेचे दुसऱ्या वाद्यावरील हे स्थलांतर प्रस्तुत लेखात ‘वाद्यांतर’ या संज्ञेने निर्देशिले आहे. भाषांतराला जे गांभीर्य मिळते ते वाद्यांतरालाही मिळावे, ही या विवेचनामागील भूमिका आहे.

२. एकाच ओळीचे दोन वाटेकरी

चेलोचे स्वर डबल बेसने वाजविणे ही आधुनिक कलावंतांची हौस आहे, हा समज प्रथम दूर करणे आवश्यक आहे. अठराव्या शतकातील वाद्यवृंदात चेलो आणि डबल बेस यांच्यापुढे बहुधा एकच ओळ असे. लिहिलेला स्वर चेलो आहे तसा वाजवी आणि डबल बेस तोच स्वर एक सप्तक खाली वाजवी. डबल बेसचे स्वरलेखन आजही प्रत्यक्ष ध्वनीपेक्षा एक सप्तक वर केले जाते, ते या परंपरेला धरूनच. म्हणजेच चेलोचे संगीत वाजविणे हा डबल बेसचा जन्मसिद्ध व्यवसाय होता. फरक एवढाच की तेथे डबल बेस चेलोच्या सावलीत उभा होता. तोच स्वर तो एकट्याने, मंचाच्या पुढच्या भागात उभा राहून वाजवू लागला तेव्हा वाद उत्पन्न झाला. सेवा म्हणून जे मान्य होते, ते हक्क म्हणून मान्य होईना.

या वाद्याला स्वतःची एकल परंपरा नव्हती असेही नाही. जोसेफ हायडनने १७६१ मधील सहाव्या, सातव्या व आठव्या सिंफनींत डबल बेसला स्वतंत्र एकल भाग दिले. त्या काळी व्हिएन्नाच्या परिसरात तारा वेगळ्या रीतीने, डी मेजर कॉर्डच्या स्वरांत जुळविण्याची पद्धत होती. त्या पद्धतीसाठी डिटर्सडॉर्फ, व्हानहाल व श्पेर्गर यांनी कॉन्चेर्तो लिहिले. मोझार्टने १७९१ मध्ये बास आवाजाच्या जोडीला एकल डबल बेस घेऊन एक आरिया रचली. पुढे ही स्वरजुळणी मागे पडली आणि तिच्यावर बेतलेल्या रचना वादकांच्या हातातून निसटल्या. डबल बेसच्या रचनांचे दारिद्र्य हे म्हणूनच काही अंशी इतिहासाने घडविलेले दारिद्र्य आहे.

वाद्यांतराचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १७९९ मधील आहे. व्हेनिसचा डबल बेसवादक डोमेनिको ड्रागोनेत्ती (१७६३–१८४६) व्हिएन्नात बेथोव्हेनला भेटला. बेथोव्हेनने १७९६ मध्ये बर्लिन येथे पियानो व चेलो यांच्यासाठी दोन सोनाटा (ओपस ५) लिहिले होते. त्यांपैकी जी मायनरमधील दुसरा सोनाटा ड्रागोनेत्तीने डबल बेसवर वाजविला आणि पियानोवर खुद्द बेथोव्हेन होता. वाजविताना बेथोव्हेनची नजर वादकावरून हलली नाही आणि रचना संपताच त्याने उठून वादकाला वाद्यासह मिठी मारली, असा वृत्तांत ड्रागोनेत्तीच्या स्वतःच्या कथनावरून पुढे आला आहे. कथन स्वतःविषयीचे असल्याने त्यातील रंग थोडा वजा करावा लागेल. तरीही महत्त्वाची बाब उरतेच. ज्याची रचना होती, त्याने ती दुसऱ्या वाद्यावर ऐकून घेतली आणि स्वतः साथ केली. रचनाकाराच्या मनातील ‘शुद्धता’ आणि नंतरच्या काळातील संग्राहक वृत्तीची ‘शुद्धता’ यांत अंतर आहे, हे या प्रसंगावरून दिसून येते.

हाच ड्रागोनेत्ती लंडनमध्ये चेलोवादक रॉबर्ट लिंडली याच्यासमवेत अनेक दशके एकाच वाद्यवृंदात, शेजारी बसून वाजवीत राहिला. कोरेल्लीच्या सोनाटांचे त्या दोघांचे सहवादन गाजले होते. चेलो आणि डबल बेस यांचे नाते केवळ स्पर्धेचे नव्हते, याचा हा पुरावा होय.

३. तारा, बोटे आणि अंतरे

वाद्यांतराची चिकित्सा वाद्याच्या रचनेपासून सुरू व्हावी लागते. चेलोच्या तारा षड्ज-पंचम अंतराने सी, जी, डी, ए अशा जुळविलेल्या असतात. त्यांची कंपनसंख्या अनुक्रमे सुमारे ६५.४, ९८, १४६.८ व २२० हर्ट्झ असते. डबल बेसच्या तारा षड्ज-मध्यम अंतराने ई, ए, डी, जी अशा जुळवितात. त्यांची कंपनसंख्या सुमारे ४१.२, ५५, ७३.४ व ९८ हर्ट्झ असते. या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. डबल बेसची सर्वांत उंच तार आणि चेलोची खालून दुसरी तार यांचा स्वर एकच आहे. चेलो ज्या दोन वरच्या तारांवर प्रामुख्याने गातो, त्या तारांचा प्रदेश डबल बेसच्या मोकळ्या तारांच्या पूर्णपणे पलीकडे आहे. तेथे पोहोचायचे तर वादकाला डाव्या हाताचा अंगठा मानेमागून काढून तारेवर ठेवावा लागतो आणि घोडीच्या दिशेने खाली उतरावे लागते.

दोन्ही वाद्यांच्या तारांची कंप पावणारी लांबी चेलोत सुमारे ६९ सें.मी. आणि डबल बेसमध्ये सुमारे १०५ सें.मी. असते. पहिल्या स्थानात तर्जनी आणि करंगळी यांच्यामध्ये साधारण १० सें.मी. अंतर ठेवले, तर चेलोवर त्या अंतरात तीन अर्धस्वर मावतात. डबल बेसवर तेवढ्याच अंतरात केवळ दोन मावतात. माणसाचा पंजा तोच, परंतु एका वाद्यावर तो अधिक स्वर कवेत घेतो आणि दुसऱ्यावर कमी. डबल बेसच्या तारा पंचमाऐवजी मध्यमाने जुळविण्याचे कारण हेच आहे. पुढची तार जवळ आणली की हात कमी हलवावा लागतो. असे असूनही, हात एका जागी ठेवून चेलोवादकाला दोन सप्तके आणि वर एक स्वर मिळतो, तर डबल बेसवादकाला एक सप्तक आणि पंचमापर्यंतच मजल मारता येते. चेलोवर जो स्वरसमूह एका मुठीत येतो त्यासाठी डबल बेसवर स्थलांतर करावे लागते. प्रत्येक स्थलांतर हा स्वर चुकण्याचा धोका असतो आणि स्वररेषेत खंड पडण्याचाही.

या अडचणीवर तीन मार्ग प्रचलित आहेत. पहिला मार्ग म्हणजे रचना मूळ तारतेतच, अंगठ्याच्या स्थानात वाजविणे. दुसरा, ती एक सप्तक खाली नेणे. तिसरा, वाद्याला सोयीच्या दुसऱ्या स्वरात ती उतरविणे. एकल वादनासाठी चारही तारा एक पूर्ण स्वर चढवून जुळविण्याची रीतही आहे. त्यामुळे नाद अधिक तेजस्वी होतो. काहींनी याहून मूलगामी उपाय केला. अमेरिकन जॅझवादक रेड मिचेल (१९२७–१९९२) याने १९६६ मध्ये डबल बेसच्या तारा पंचमाने, म्हणजे नेमक्या चेलोच्या एक सप्तक खाली जुळविण्यास आरंभ केला. कॅनडाचा जोएल क्वारिंग्टन (जन्म १९५५) याने अभिजात संगीतात हीच स्वरजुळणी स्वीकारली. असे केल्याने गजाचे तारांवरून जाणे मूळ रचनेप्रमाणे राहते, मात्र डाव्या हाताचा प्रवास वाढतो. प्रत्येक मार्गाने काहीतरी मिळते आणि काहीतरी द्यावे लागते. समीक्षकाने प्रथम विचारायचा प्रश्न हा की वादकाने काय द्यायचे ठरविले आहे.

४. बाखचे सुईट : मोकळ्या तारांचा प्रश्न

योहान सेबास्टियन बाखने एकल चेलोसाठी लिहिलेले सहा सुईट (बी.डब्ल्यू.व्ही. १००७ ते १०१२) १७२० च्या सुमाराचे मानले जातात. त्यांची बाखच्या हस्ताक्षरातील प्रत उपलब्ध नाही. पत्नी आना माग्डालेना हिने केलेली नक्कल हा एक प्रमुख आधार आहे. पाब्लो कासाल्सने लहानपणी बार्सिलोनात या सुईटांची छापील प्रत मिळविली आणि पुढे १९३६ ते १९३९ या काळात त्यांचे संपूर्ण ध्वनिमुद्रण केले. तेव्हापासून हे सुईट चेलोचे धर्मग्रंथ बनले. धर्मग्रंथ म्हटला की अधिकारी आणि अनधिकारी हा भेद आलाच.

पहिल्या सुईटच्या प्रेल्यूडचा आरंभ पाहता येईल. चेलोवर पहिले तीन स्वर तीन सलग तारांवर येतात. जी आणि डी या तारा मोकळ्या असतात आणि तिसऱ्या तारेवर केवळ एक बोट असते. गज एका लाटेसारखा तीन तारांवरून फिरतो आणि मोकळ्या तारांचा निनाद मागे रेंगाळतो. एकाच स्वररेषेतून अनेक आवाजांचा भास होतो तो या रेंगाळण्यामुळे. हाच आरंभ डबल बेसवर एक सप्तक खाली वाजविला, तर पहिला स्वर सर्वांत जाड तारेवर दाबून घ्यावा लागतो, दुसरा मोकळ्या डी तारेवर मिळतो आणि तिसरा सर्वांत बारीक तारेवर येतो. मधली ए तार गजाला दरवेळी ओलांडावी लागते. लाटेच्या जागी उडी येते. सलग तारांवरची बोटे शोधली तर मोकळा निनाद हरपतो. येथे अडचण वादकाच्या कौशल्याची नाही. बाखने लिहिलेली स्वररेषा चेलोच्या स्वरजुळणीतच मुरलेली आहे, हे तिचे कारण आहे. याच ठिकाणी पंचमाने जुळविलेल्या डबल बेसचा युक्तिवाद सर्वांत बळकट ठरतो.

तिसऱ्या सुईटचा आरंभ वेगळा प्रश्न उभा करतो. सी मेजरमधील ही स्वरपंक्ती वरच्या सी पासून दोन सप्तके उतरत चेलोच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेवर येऊन विसावते. एक सप्तक खाली नेल्यास अखेरचा स्वर चार तारांच्या नेहमीच्या डबल बेसवर अस्तित्वातच नसतो. मूळ तारतेत वाजविल्यास तो ए तारेवर दाबून मिळतो. स्वर तोच, परंतु वाद्याच्या तळाशी टेकल्याची जाणीव हरवते. चेलोवर जे भूमीला पाय लागणे आहे, ते डबल बेसवर जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबणे ठरते.

पाचव्या सुईटमधील साराबांद मात्र उलट साक्ष देतो. सहा सुईटांतील इतर साराबांदांत कॉर्डचा वापर आहे, तर या साराबांदात एकही कॉर्ड नाही. विस्तीर्ण अंतरांनी चालणारी एकच एकाकी स्वररेषा आहे. अतिमंद्र सप्तकात कॉर्ड गढूळ होतात हे ध्वनिशास्त्राचे तथ्य आहे. चेलोच्या सर्वांत खालच्या सी आणि त्यावरील ई यांच्या कंपनसंख्येत सुमारे १७ हर्ट्झचे अंतर असते, तर एक सप्तक वर तेच अंतर ३४ हर्ट्झ होते. इतक्या जवळचे स्वर कानाला वेगवेगळे न भासता खरखरीत मिश्रणासारखे भासतात. कॉर्डविरहित साराबांदाला हा धोका नाही. याशिवाय बाखने स्वतः हा सुईट ल्यूटसाठी (बी.डब्ल्यू.व्ही. ९९५) सी मायनरमधून जी मायनरमध्ये उतरविला आणि ती प्रत त्याच्या हस्ताक्षरात उपलब्ध आहे. तोच जी मायनर डबल बेसवर मध्यमाच्या अंतराने खाली घेतला, तर चेलोचा तळाचा सी हा जी होतो आणि वाद्याच्या आवाक्यात राहतो. स्वर बदलला म्हणजे रचना भ्रष्ट झाली, हा आक्षेप येथे खुद्द रचनाकाराच्या कृतीनेच निकाली निघतो.

अमेरिकन वादक एडगर मायर याने सन २००० च्या सुमारास पहिला, दुसरा व पाचवा या सुईटांचे डबल बेसवरील ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. सहांपैकी तीनच सुईट निवडणे हीसुद्धा एक समीक्षात्मक कृती होय. जे आपल्या वाद्यात बोलू शकते ते घ्यावे आणि उरलेले चेलोकडे ठेवावे, अशी समज या निवडीत वाचता येते. सहावा सुईट तर मुळातच पाच तारांच्या वाद्यासाठी लिहिलेला आहे. आजचे चार तारांचे चेलोवादक तो वाजवितात तेव्हा तेही एक प्रकारचे वाद्यांतरच करीत असतात, याचा सोयीस्कर विसर पडतो.

५. शूबर्टचा सोनाटा : मूळ कोणाचे?

मूळ वाद्याच्या हक्काचा प्रश्न शूबर्टच्या ए मायनर सोनाटाने (डी. ८२१) अधिक तीव्र होतो. चेलोच्या मैफलींत नित्य ऐकू येणारी ही रचना चेलोसाठी लिहिलेली नाही. व्हिएन्नाचा वाद्यकार योहान गेओर्ग श्टाउफर याने १८२३ मध्ये ‘आर्पेजिओने’ नावाचे वाद्य तयार केले. त्याला गिटारप्रमाणे सहा तारा व पडदे होते आणि ते गजाने वाजवीत. १८२४ मध्ये शूबर्टने त्यासाठी हा सोनाटा लिहिला. तो १८७१ मध्ये प्रकाशित झाला तोपर्यंत वाद्य विस्मृतीत गेले होते. चेलोने रचना उचलली आणि कालांतराने ती चेलोचीच मानली गेली.

डबल बेसवादक हा सोनाटा वाजवितो तेव्हा तो चेलोकडून रचना उसनी घेतो, असे म्हणणे म्हणूनच ऐतिहासिकदृष्ट्या चुकीचे आहे. दोघेही एका मृत वाद्याचे वारसदार आहेत. वारसाच पाहायचा तर एक बाब विशेष लक्षणीय आहे. आर्पेजिओनेच्या सहा तारा गिटारप्रमाणे ई, ए, डी, जी, बी, ई अशा होत्या. त्यांपैकी खालच्या चार तारा म्हणजे डबल बेसच्याच चार तारा, फक्त एक सप्तक वर. ए मायनरच्या मोकळ्या तारा, मध्यमाच्या अंतराने जाणारी गजाची चाल आणि त्यामुळे सुलभ होणारे खंडित कॉर्ड या बाबतींत डबल बेस आर्पेजिओनेला चेलोपेक्षा जवळचा आहे. वरच्या दोन तारांचा प्रदेश त्याला अंगठ्याने कष्टून जिंकावा लागतो हेही तितकेच खरे. परंतु कष्ट चेलोलाही चुकलेले नाहीत. त्यालाही अनेक ठिकाणी उंच स्थानांत चढावे लागते.

या उदाहरणावरून असा निष्कर्ष काढता येतो की ‘मूळ वाद्य’ ही संकल्पना वाटते तितकी स्थिर नाही. सवयीलाच अनेकदा मूळ समजले जाते. चेलोवरील शूबर्ट कानाला इतका परिचित झाला आहे की तो वाद्यांतर असल्याची जाणीवही उरलेली नाही.

६. हंस आणि हत्ती

कामीय सँ-साँसने १८८६ मध्ये ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ हा विनोदी सुईट लिहिला. त्यात त्याने हंस चेलोला दिला आणि हत्ती डबल बेसला. वाद्यांच्या सामाजिक प्रतिष्ठेचे इतके बोलके चित्र क्वचितच सापडते. पाण्यावरून तरंगणारे सौंदर्य चेलोकडे आणि जडपणाचे हसू डबल बेसकडे गेले. पुढे सँ-साँसने स्वतःच्या हयातीत या सुईटपैकी केवळ ‘हंस’ प्रकाशित होऊ दिला. उर्वरित भाग त्याच्या मृत्यूनंतर, १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हंसाला गांभीर्य मिळाले आणि हत्ती थट्टेतच राहिला.

‘हत्ती’ या भागातील विनोद बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यात सँ-साँसने बर्लिओझच्या ‘द डॅम्नेशन ऑफ फाउस्ट’ (१८४६) मधील वायुदेवतांचे नृत्य आणि मेंडेलसनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ मधील स्केर्त्सो यांचे तुकडे डबल बेसच्या तोंडी घातले आहेत. दोन्ही मुळात अत्यंत हलक्या, पऱ्यांच्या पावलांचे संगीत आहे. विनोद निर्माण होतो तो ते अतिमंद्रात आणल्याने. हे वाद्यांतरच आहे, मात्र त्याचा हेतू उपहासाचा आहे. ‘उंच, हलके, सुंदर’ जे आहे ते या वाद्याने वाजविणे हेच हास्यास्पद, हे गृहीतक या विनोदाच्या मुळाशी आहे. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वाद्यवृंदाची ओळख करून देताना हाच भाग वाजविला गेला. त्यामुळे हे गृहीतक अधिकच दृढ झाले.

या पार्श्वभूमीवर डबल बेसवादकांनी आवर्जून ‘हंस’ वाजविणे हे त्या गृहीतकाला दिलेले उत्तर ठरते. आणि वाद्यशास्त्र येथे त्यांच्या बाजूने उभे राहते. ‘हंस’ जी मेजरमध्ये आहे आणि त्याची स्वररेषा उंच जी वरून सुरू होते. डबल बेसच्या सर्वांत बारीक तारेचा स्वर जी आहे. ती तार एक चतुर्थांश लांबीवर नुसती स्पर्शिली की दोन सप्तके वरचा तोच जी हार्मोनिक म्हणून निर्मळपणे उमटतो. आरंभीचा हा स्वर वाद्य जणू स्वतःहून देते. चेलोवर तो दाबून घेतलेला स्वर असतो. तारता आणि तीव्रता दोन्हीकडे सारखी ठेवली तरी नादाची जाती वेगळी राहते. चेलोचा हंस मांसल व उबदार आहे. डबल बेसचा हंस काहीसा दूरचा, धुक्यातून ऐकू येणारा आहे. तो कमी प्रतीचा हंस नव्हे. तो वेगळ्या पाण्यावरचा हंस आहे. वादकाने चेलोची ऊब आणण्यासाठी प्रत्येक स्वरावर अतिरिक्त कंप लादला की मात्र हा वेगळेपणा नष्ट होतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात केवळ तुलना उरते.

७. आक्षेपांचा विचार

वाद्यांतरावर तीन आक्षेप प्रामुख्याने घेतले जातात. पहिला आक्षेप असा की डबल बेसवादकांनी चेलोच्या रचनांच्या मागे लागल्याने या वाद्यासाठी नवी निर्मिती होत नाही. हा आक्षेप गंभीर आहे, कारण संगीतशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे कोणत्या रचनांवर खर्ची पडावीत, हा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे. तथापि, इतिहास त्याला पूर्णपणे दुजोरा देत नाही. बोत्तेसिनी (१८२१–१८८९) आणि कुसेवित्स्की (१८७४–१९५१) या वादकांनी स्वतःच्या वाद्यासाठी स्वतः रचना केल्या. १९४९ मध्ये हिंडेमिथने डबल बेससाठी सोनाटा लिहिला. गॅरी कार (जन्म १९४१) हा वादक तर इतर वाद्यांच्या रचना डबल बेसवर आणण्यासाठीच विख्यात झाला. परंतु हान्स व्हेर्नर हेंट्सेने १९६६ मध्ये लिहिलेला डबल बेस कॉन्चेर्तो त्याच्यासाठीच होता. हे वाद्य गाऊ शकते हे वाद्यांतरातून सिद्ध झाल्यानंतर रचनाकार त्याच्याकडे वळले, असेही म्हणता येते. नव्या निर्मितीची वाट वाद्यांतराने अडविलेली दिसत नाही.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा आहे. एक सप्तक खाली गेलेले संगीत जड व अस्पष्ट होते, असे म्हटले जाते. वर कॉर्डविषयी जे विवेचन केले, त्यावरून या आक्षेपात तथ्य असल्याचे दिसून येते. मात्र तो सरसकट लागू करता येत नाही. कॉर्डप्रधान भागाला तो लागू होतो, एकेरी स्वररेषेला होत नाही. द्रुत गतीत तो अधिक लागू होतो, कारण जाड तारेला कंपायमान होण्यास अधिक अवधी लागतो. विलंबित गतीत हीच मंदता गांभीर्य ठरू शकते. म्हणून आक्षेप रचनेगणिक, किंबहुना भागागणिक तपासला पाहिजे.

तिसरा आक्षेप असा की उत्तम चेलोवादक असताना हा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर भारतीय वाचकाला आपल्या परंपरेत शोधता येईल. हिंदुस्थानी संगीतात वाद्यांवर गायकी अंगाने वादन केले जाते, तेव्हा गायक उपलब्ध नाही म्हणून ते केले जात नाही. कंठातील मींड तारेवर आली की तारेला नवे सामर्थ्य लाभते आणि मींडेचेही नवे रूप दिसते. उत्तम गायकी अंग ऐकताना श्रोत्याला वाद्याचा विसर पडत नाही. वाद्य आणि कंठ यांमधील अंतराची जाणीव हाच त्या आस्वादाचा भाग असतो. डबल बेसवरील बाखलाही हाच न्याय लावला पाहिजे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) चेलोचे संगीत वाजविणे ही डबल बेसच्या दृष्टीने परकी गोष्ट नाही. वाद्यवृंदातील सामाईक स्वरपंक्तीपासूनच या नात्याचा आरंभ झाला आहे. विवाद आहे तो एकल वादनाच्या प्रतिष्ठेचा.

२) ‘मूळ वाद्य’ ही कल्पना ऐतिहासिकदृष्ट्या सैल आहे. शूबर्टचा सोनाटा आणि बाखचा सहावा सुईट चेलोवर वाजतात तेव्हा तेही वाद्यांतरच असते. चेलोला जी मुभा आहे ती डबल बेसला नाकारण्यास तर्कशुद्ध आधार नाही.

३) प्रत्येक वाद्यांतरात तारता, मूळ स्वर, मोकळ्या तारांचा निनाद आणि गजाची चाल यांपैकी काहीतरी सोडावे लागते. वादकाने काय सोडले व त्याच्या मोबदल्यात काय मिळविले, हा मूल्यमापनाचा पहिला निकष असावा.

४) सर्वच रचना सारख्याच योग्य नाहीत. पाचव्या सुईटमधील साराबांद, ‘हंस’ आणि शूबर्टचा सोनाटा यांत डबल बेस स्वतःचे काही सांगू शकतो. पहिल्या सुईटचा प्रेल्यूड नेहमीच्या स्वरजुळणीत त्याला मुख्यतः अडवितो. निवड हीच येथे वादकाची पहिली समीक्षा होय.

५) ‘चेलोसारखे वाजले’ ही दाद टाळणे इष्ट आहे. यशस्वी वाद्यांतरात वाद्य लपत नाही.

ड्रागोनेत्तीने बेथोव्हेनसमोर वाजविले तेव्हा बेथोव्हेनने आलिंगन दिले ते केवळ वादकाला नव्हे, त्याच्या वाद्यालाही, असे ते कथन सांगते. कथनाचा हा तपशील खरा असो वा रंगविलेला, त्यात वाद्यांतराच्या समीक्षेचे एक सूत्र दडलेले आहे. ज्या वाद्यावर रचना पुन्हा जन्मली, त्या वाद्याचीही दखल घेतल्यावाचून रसग्रहण पूर्ण होत नाही.